पिवळी जर्सी आणि रक्ताचा हिशेब

जुलैत आमच्याकडे सायकल बाहेर काढायची सोय नसते. रत्नागिरीत पाऊस आडवा लागतो, आरे-वारेच्या वळणांवर रस्ता बुळबुळीत होतो, घाटात दरड कधी येईल सांगता येत नाही. एरवी पहाटे किनाऱ्याच्या रस्त्याला लागणारी आमची पोरं मग मोबाइलवर टूर द फ्रान्स ही तीन आठवड्यांची सायकल शर्यत बघतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर भांडतात. भांडण दर वर्षी त्याच जागी येऊन अडतं: टूर सलग सात वेळा जिंकून पुढे उत्तेजकं घेतल्याबद्दल सगळे किताब गमावलेला लान्स आर्मस्ट्राँग. एक म्हणतो, "आर्मस्ट्राँगला एकट्यालाच कशाला झोडता? सगळेच उत्तेजकं घेत होते. सगळ्यांनी घेतलं म्हणजे शर्यत सारखीच झाली." दुसरा म्हणतो, "सगळेच चोर, तर बघायचं कशाला?" दोन्ही उत्तरं सोपी आहेत आणि माझ्या मते दोन्ही चुकीची आहेत. का, ते कळायला आधी रक्त समजून घ्यावं लागतं. माणसांचा न्याय त्यानंतर.

पावसाळ्यात कोकणात कोणाला ताप आला की डॉक्टर आधी रक्त तपासायला पाठवतात, कारण लेप्टो आणि डेंगी दोन्हींची धास्ती असते. त्या रिपोर्टच्या कागदावर हिमोग्लोबिनच्या आसपास 'पीसीव्ही' असं लिहिलेलं असतं. सायकलिंगच्या बातम्यांत ज्याला हिमॅटोक्रिट म्हणतात तो हाच आकडा. रक्ताची बारीक नळी यंत्रात गरगर फिरवली की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर द्रव उरतो. नळीतल्या एकूण रक्तापैकी तांबडा भाग किती टक्के, ते हा आकडा सांगतो. निरोगी पुरुषात तो साधारण ४० ते ५० च्या मध्ये असतो, बायकांत थोडा कमी. डेंगीत रक्तातला द्रव रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतो, रक्त घट्ट होतं आणि आकडा चढतो. म्हणून डॉक्टर त्याच्यावर डोळा ठेवतात आणि गरज पडली की सलाईन लावतात. सलाईनने रक्त पातळ होतं, आकडा उतरतो. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साखरप्याहून आंबा घाट चढताना पहिल्या काही वळणांतच पाय भरून येतात. स्नायूंना काम करायला प्राणवायू लागतो आणि तो वाहून नेतात तांबड्या पेशी. हृदय कितीही दणकट असलं तरी वाहणाऱ्या पेशीच कमी असतील तर पायांपर्यंत प्राणवायू पुरेसा पोचत नाही. पेशी वाढल्या की तोच माणूस तोच घाट जास्त जोराने चढतो. सपाटीवर आपली बरीचशी ताकद वारा कापण्यात जाते, चढावर ती वजन वर ओढण्यात जाते, त्यामुळे चढावरचा वेग जवळजवळ जोराच्या प्रमाणातच वाढतो. समजा एखाद्याला घाट चढायला चाळीस मिनिटं लागतात. त्याचा जोर पाच टक्क्यांनी वाढला तर तो जवळपास दोन मिनिटं आधी वर पोचेल. १९८९ साली ग्रेग लेमाँडने तीन आठवड्यांची अख्खी टूर आठ सेकंदांनी जिंकली होती, म्हणजे दोन मिनिटांची किंमत काय ते बघा.

पेशी किती बनवायच्या हे शरीरात मूत्रपिंडं ठरवतात. रक्तात प्राणवायू कमी पडला की ती एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतात आणि त्या निरोपावर हाडांतली मज्जा नव्या तांबड्या पेशी बनवायला लागते. याचंच लघुरूप ईपीओ. किडनी निकामी झाली की हे संप्रेरकही आटतं, म्हणून डायलिसिसच्या रुग्णाला जरा चाललं तरी धाप लागते. माझे एक काका डायलिसिसला जातात. त्यांचं ईपीओचं इंजेक्शन आम्ही मेडिकलमधून थर्मासात बर्फ घालून आणतो आणि फ्रिजमध्ये ठेवतो. वीज गेली की घरात पहिली आठवण त्याची होते. औषध भरलेली छोटीशी सिरिंज, केसासारखी सुई, दंडाच्या कातडीखाली टोचायची. ते सुरू होण्याआधी घरची पाखाडी चढताना काका मध्ये दोन-तीनदा टेकायचे. काही आठवड्यांनी ते न थांबता अंगणात यायला लागले. टूरच्या संघांच्या फ्रिजमध्ये लपवलेलं असायचं ते हेच औषध. ते वाईट नाही. ज्याच्यासाठी बनलं त्याला ते जगवतं.

अमेरिकेत ईपीओला १९८९ साली परवाना मिळाला आणि सायकलिंगमध्ये ते लवकरच शिरलं. अडचण अशी होती की शरीराचं स्वतःचं ईपीओ आणि बाटलीतलं ईपीओ वेगळं ओळखणारी चाचणी २००० सालापर्यंत नव्हतीच. बंदी कागदावर होती, पकडायचं साधन नव्हतं. अखेर १९९७ साली आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, एक मधला मार्ग काढला. हिमॅटोक्रिट ५० च्या वर गेला की खेळाडूला दोन आठवडे शर्यतीबाहेर बसवायचं. याला शिक्षा म्हणायचं नाही, आरोग्याची खबरदारी म्हणायचं, कारण एवढ्या घट्ट रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असतो.

या नियमाने काय झालं ते नीट बघा, कारण 'सगळ्यांनी घेतलं म्हणजे सारखंच' हा युक्तिवाद इथेच कोसळतो. दोन सायकलस्वार घ्या. एकाचा हिमॅटोक्रिट जन्मजात ३९, दुसऱ्याचा ४८. दोघेही औषध घेऊन ५० पर्यंत गेले. पहिल्याच्या पेशींचं प्रमाण ११ अंकांनी, म्हणजे मुळाच्या २८ टक्क्यांनी वाढलं. दुसऱ्याचं फक्त दोन अंकांनी, म्हणजे जेमतेम चार टक्क्यांनी. काल ज्याला निसर्गाने जास्त दिलं होतं तो आज मागे पडला, आणि तोही औषध घेऊन. त्यात औषधाला प्रत्येक शरीर सारखा प्रतिसाद देत नाही. वर पैशाचा भाग वेगळाच. ज्याच्या खिशात चांगल्या डॉक्टरची फी आहे त्याला कधी, किती आणि कुठे टोचायचं ते अचूक कळणार. आर्मस्ट्राँगने मिकेले फेरारी या इटालियन डॉक्टरला दहा लाख डॉलर्सच्या वर रक्कम दिली, असं अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने नोंदवलं आहे. म्हणजे स्पर्धा राहिलीच, फक्त ती पायांऐवजी औषधाला मिळणाऱ्या प्रतिसादाची आणि डॉक्टरांची झाली.

आता ती सलाईनची गोष्ट. १९९८ साली नेदरलँड्समधल्या फाल्कनबर्गला जागतिक स्पर्धा होती. सकाळी रक्त तपासणारे अधिकारी आर्मस्ट्राँग राहत होता तिथे येऊन थांबले होते. त्याच्या संघाचा डॉक्टर रेनकोटाच्या आत सलाईनची पिशवी लपवून त्यांच्या समोरून आत गेला, रक्त पातळ केलं, आणि मग तपासणी झाली. आकडा नियमात बसला. सहखेळाडूने ही हकीकत पुढे शपथेवर सांगितली. आपल्याकडे डेंगीच्या रुग्णाच्या उशाशी लटकणारी ती पिशवी तिथे नियमाला चकवण्यासाठी होती.

हा सगळा प्रकार त्याच वर्षीच्या टूरमध्ये उघड्यावर आला. शर्यत सुरू व्हायच्या तीन दिवस आधी, ८ जुलै १९९८ ला, फेस्तिना संघाचा मसाज करणारा विली वोएत फ्रान्स-बेल्जियम सीमेवर पकडला गेला. त्याच्या गाडीत ईपीओ, ग्रोथ हॉर्मोन, टेस्टोस्टेरॉन यांच्या शेकडो मात्रा होत्या. पोलिसांच्या धाडी पडल्या, काही संघांनी शर्यत सोडली, खेळाडू रस्त्यात ठाण मांडून बसले. १८९ जणांनी सुरू केलेली शर्यत ९६ जणांनी पूर्ण केली. जिंकला मार्को पंतानी. त्याच्याकडे पुढे येतोच.

त्याआधीच्या काळाला हाच गज लावता येत नाही. सायकलस्वार पहिल्यापासून काही ना काही घेतच होते. १९२४ साली आंरी आणि फ्रान्सिस पेलिसिए या भावांनी टूर अर्ध्यात सोडली आणि आल्बेर लाँद्र या पत्रकारापुढे कोकेन, क्लोरोफॉर्म आणि गोळ्यांच्या डब्या काढून दाखवल्या. तेव्हाच्या टूरचे काही टप्पे चारशे किलोमीटरच्या वर जायचे, रात्री निघून मातीच्या रस्त्यांवर. दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅम्फेटामाइनच्या गोळ्या आल्या. फाउस्तो कोप्पीने, ज्याने पाच वेळा जिरो, म्हणजे टूरसारखीच इटलीची शर्यत, आणि दोन वेळा टूर जिंकली, मुलाखतीत सरळ कबूल केलं की गरज पडेल तेव्हा आपण घेतो, आणि गरज जवळजवळ नेहमीच पडते. त्याच्या हयातीत त्याविरुद्ध नियमच नव्हता. जो नियम नव्हता तो मोडल्याचा ठपका मी कोप्पीवर ठेवणार नाही.

अ‍ॅम्फेटामाइनची जात ईपीओपेक्षा वेगळी आहे. ते रक्ताची क्षमता वाढवत नाही, थकव्याची जाणीव मारतं. मधल्या फळीतला माणूस त्याने तीन आठवड्यांच्या शर्यतीचा विजेता होत नाही. उलट झोप उडते, भूक मरते, आणि शरीर 'थांब' म्हणत असताना ते ऐकू येत नाही. मे महिन्यात दुपारी रत्नागिरी ते जयगड सायकल चालवून बघा. हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. डोकं हलकं व्हायला लागलं की शहाणा माणूस सावलीला बसतो. गोळी घेतलेल्याला ती सूचना मिळतच नाही. १३ जुलै १९६७ ला ब्रिटनचा टॉम सिम्पसन, १९६५ चा जगज्जेता, माँ वाँतूच्या उघड्या बोडक्या डोंगरावर असाच कोसळला आणि गेला. वय २९. भयंकर ऊन होतं, पोट आधीपासून बिघडलेलं, रक्तात अ‍ॅम्फेटामाइन आणि दारू सापडली, जर्सीच्या खिशात गोळ्यांच्या नळ्या. ज्यांना वाटतं की जुन्या काळचं डोपिंग किरकोळ होतं, त्यांनी सिम्पसनची आठवण ठेवावी. शर्यतीवर त्याचा परिणाम कमी होता, माणसावर नव्हता.

फ्रान्सने १९६५ साली कायदा केला आणि १९६६ च्या टूरमध्ये बोर्दोला पहिल्यांदा लघवीचे नमुने घेतले गेले. दुसऱ्या दिवशी खेळाडूंनी सायकलवरून उतरून निषेध केला. पाच वेळचा विजेता जाक आंकेतिल तर उघडपणे म्हणायचा की नुसत्या पाण्यावर टूर जिंकता येते असं मूर्खालाच वाटेल. १९६७ साली त्याने एका तासात सर्वाधिक अंतर कापायचा विक्रम मोडला आणि नमुना द्यायला नकार दिला, म्हणून तो विक्रम नोंदलाच गेला नाही. आंकेतिलचं मत मला पटत नाही. पण तो जे करायचा ते लोकांसमोर बोलायचा, आणि नियमाला विरोध करायचा तो नाव लावून. त्याची किंमतही त्याने मोजली.

बेल्जियमच्या एडी मर्क्सचं कोडं अवघड आहे. १९६९ च्या जिरोत आघाडीवर असताना साव्होना गावात त्याचा नमुना दोषी आला आणि त्याला घरी पाठवलं. तो आजवर निर्दोष असल्याचंच सांगत आला आहे, तेव्हा नमुना हाताळण्याची आणि फेरतपासणीची पद्धतही ढिली होती, आणि त्याची बंदी उठवली गेली. महिन्याभरात तो टूरला उतरला आणि जवळजवळ अठरा मिनिटांनी जिंकला. पुढे १९७३ आणि १९७७ मध्येही त्याचे नमुने दोषी आले. माझं मत विचाराल तर मर्क्स आपल्या पिढीत सर्वांत बलवान होता याबद्दल मला शंका नाही, कारण सगळ्यांच्या हाती होती ती उत्तेजकं एवढा फरक पाडू शकत नाहीत. आणि तरीही तो स्वच्छ होता असं मी पोरांना सांगणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या असू शकतात.

आता त्यांच्याकडे वळू ज्यांचं नाव वादात कधी येतच नाही. फेस्तिना संघात ख्रिस्तोफ बासों नावाचा तरुण होता. प्रयोगशाळेत मोजलं तर त्याची प्राणवायू वापरायची क्षमता पहिल्या दर्जाची. त्याने ईपीओ घ्यायला नकार दिला. पोलिसांनी फेस्तिनाच्या खेळाडूंचे जबाब घेतले तेव्हा त्याच्याच सहकाऱ्यांनी सांगितलं की बासों काही घेत नाही. १९९९ च्या टूरमध्ये तो दुसऱ्या संघाकडून उतरला आणि एका फ्रेंच वर्तमानपत्रात रोज लिहू लागला. त्यात त्याने एवढंच म्हटलं की वर्षभरापूर्वीच्या भानगडीनंतरही वेग कमी झालेला नाही, आणि लोकांना शंका येते. आल्प द्युएझच्या टप्प्यावर पिवळी जर्सी, म्हणजे एकूण शर्यतीत आघाडीवर असलेल्याची जर्सी, घातलेला आर्मस्ट्राँग चालत्या शर्यतीत त्याच्या बाजूला आला आणि तुझं बोलणं सायकलिंगला घातक आहे, तू निघून जा, असं त्याला सुनावलं. नंतर टीव्हीवर त्याने हे नाकारलंही नाही. घोळक्यातलं कोणी बासोंशी बोलेना. त्याच्या स्वतःच्या संघातलेही. एका रात्री झोप लागली नाही, आणि सकाळी तो बॅग भरून घरी गेला. २००१ साली त्याने व्यावसायिक सायकलिंग सोडलं.

'सगळेच घेत होते' असं म्हणताना आपण बासोंला पुसून टाकतो. जिल ड्लिओं हा दुसरा. १९९० साली लोम्बार्डीची मोठी शर्यत जिंकलेला फ्रेंच खेळाडू, ईपीओ आल्यावर त्याने ते घेतलं नाही आणि काही वर्षांत मागे मागे पडत गेला. अशी किती पोरं विशी-बाविशीतच घरी परतली, त्यांची नोंद कुठल्या निकालपत्रात नाही. शर्यतीत ती मागे दिसतात म्हणून आपण समजतो की त्यांच्यात दम नव्हता.

म्हणून जुन्या विजेत्याचा न्याय करताना 'घेतलं की नाही' या एका प्रश्नावर मी थांबत नाही. त्या काळी नियम काय होता, आणि त्या औषधाने निकाल किती फिरत होता, हेही बघावंच लागतं. पण माझ्या लेखी सगळ्यांत वजनदार प्रश्न हा की ज्यांनी घेतलं नाही आणि ज्यांनी खरं सांगितलं, त्यांच्याशी हा माणूस कसा वागला.

या कसोटीवर लान्स आर्मस्ट्राँग बाकीच्यांपासून वेगळा पडतो. वृषणाच्या कॅन्सरमधून उठून १९९९ ते २००५ अशा सलग सात टूर त्याने जिंकल्या, आणि कॅन्सरच्या रुग्णांना त्याच्याकडे बघून खरोखर धीर आला, हे कोणी नाकारू नये. पण त्याच वर्षांत काय चाललं होतं? संघात मसाज करणाऱ्या एमा ओ'रायलीने जे पाहिलं ते सांगितलं, तर तिच्या चारित्र्यावर चिखल उडवला आणि तिला कोर्टात खेचलं. सहखेळाडूची बायको बेट्सी आंद्रेयू हिने इस्पितळाच्या खोलीत आर्मस्ट्राँगने डॉक्टरांपुढे उत्तेजकं घेतल्याची कबुली दिलेली आपण ऐकली असं शपथेवर सांगितलं, तर तिला खोटारडी आणि माथेफिरू ठरवलं. फिलिप्पो सिमेओनीने डॉक्टर फेरारीविरुद्ध साक्ष दिली होती. २००४ च्या टूरमध्ये तो पुढे निसटलेल्या गटाकडे निघाला, तर पिवळी जर्सी स्वतः त्याच्या मागे गेली. आर्मस्ट्राँगला त्या टप्प्यात काहीच मिळवायचं नव्हतं. एका साध्या खेळाडूला एक दिवसही मिळू द्यायचा नाही, एवढंच. परत घोळक्यात येताना त्याने ओठांवरून चेन ओढल्यासारखी खूण केली, ती कॅमेऱ्यात आहे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकी संस्थेने २६ जणांच्या साक्षींचा अहवाल जाहीर केला, त्यांतले ११ त्याचे सहखेळाडू. सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. जानेवारी २०१३ मध्ये त्याने टीव्हीवर कबुली दिली. ती सात वर्षं आज विजेत्याविना रिकामी आहेत, आणि त्याला कारण आहे. त्याच अहवालानुसार त्या सात वर्षांत पहिल्या तिनांत आलेल्या २१ जागांपैकी २० जागांवरच्या खेळाडूंचा डोपिंगशी थेट संबंध जोडता येतो. किताब द्यायचा तर कोणाला? ती रिकामी जागा मला त्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक निर्णय वाटते.

कारण बाकीचे निर्णय एका मापाने झालेले नाहीत. डेन्मार्कचा बियार्न रीस १९९६ साली जिंकला आणि २००७ मध्ये त्याने ईपीओ घेतल्याचं स्वतः सांगितलं. जर्सी घरी खोक्यात पडली आहे, हवी तर घेऊन जा, असंही म्हणाला. पण कारवाईची तेव्हाची आठ वर्षांची मुदत उलटून गेली होती, त्यामुळे विजेता म्हणून नाव त्याचंच आहे. १९९७ चा विजेता यान उलरिख, त्यानेही २०२३ मध्ये डोपिंग कबूल केलं. किताब शाबूत. आणि अल्बेर्तो कोंतादोर? २०१० च्या टूरमध्ये त्याच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं, मिलिलिटरमागे ५० पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोग्रॅम. तो म्हणाला, गोमांसातून आलं असेल. क्रीडा लवादाला ते पटलं नाही, आणि साठवलेलं रक्त परत चढवताना ते आलं असेल हा फिर्यादी पक्षाचा तर्कही पटला नाही. भेसळ असलेल्या सप्लिमेंटमधून आलं असण्याची शक्यता जास्त, असं लवादाने म्हटलं, आणि तरीही २०१२ मध्ये किताब काढून घेतला. कारण नियम असा आहे की शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. हेतू सिद्ध करायची गरज नाही.

हे मी आमच्या पोरांना बजावून सांगतो, कारण तालुक्याच्या जिममध्ये मिळणारे पावडरचे डबे मी बघितले आहेत. आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. राज्य पातळीवर निवड झालेल्या मुलाचं करिअर त्यातल्या चिमूटभर भेसळीने संपू शकतं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या आकडेवारीत २०२२ साली दोन हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत दोषी नमुन्यांचं प्रमाण सर्वाधिक होतं ते भारतात, तीन टक्क्यांच्या वर. फ्रान्स-इटलीच्या गोष्टी म्हणून हे वाचायची आपल्याला मुभा नाही.

पंतानीबद्दल मला विचारलं की माझा आवाज बदलतो, हे पोरांना माहीत आहे. हँडलच्या खालच्या वळणावर हात, बुड उचललेलं, टकलावर रुमाल, आणि घाट दिसला की सुटलेला तो ठेंगणा माणूस. तसं चढताना मी दुसऱ्या कोणाला पाहिलेलं नाही. एकाच वर्षी जिरो आणि टूर दोन्ही त्याने जिंकल्या. ५ जून १९९९ ला, जिरो जवळजवळ खिशात असताना, मादोना दि काम्पील्योला सकाळी त्याचा हिमॅटोक्रिट ५२ भरला आणि त्याला बाहेर काढलं. अधिकृत अर्थाने डोपिंग चाचणीत तो कधीच दोषी ठरला नाही. पण १९९५ च्या अपघातानंतर इस्पितळात त्याचा आकडा साठच्या वर होता, आणि १९९८ च्या टूरच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांत ईपीओ होतं, हे फ्रेंच सिनेटच्या २०१३ च्या अहवालात आलं. १४ फेब्रुवारी २००४ ला रिमिनीच्या एका हॉटेलात कोकेनच्या अतिमात्रेने तो मेला. वय ३४. त्याने घेतलं, हे मी लपवत नाही. १९९८ चा निकाल मी खरा मानत नाही. पण सगळी व्यवस्था ज्यात बुडाली होती त्याची शिक्षा जवळजवळ एकट्यालाच भोगायला लागलेला माणूस म्हणून त्याच्याबद्दल मला राग येत नाही. आर्मस्ट्राँगबद्दल येतो.

आता आजचं काय? २००८ पासून यूसीआयने बायोलॉजिकल पासपोर्ट सुरू केला. त्यात औषध शोधत नाहीत, औषधाचा परिणाम शोधतात. खेळाडूचं रक्त वर्षभर ठरावीक काळाने तपासायचं आणि त्याचेच आकडे त्याच्याच आधीच्या आकड्यांशी ताडून बघायचे. ईपीओ घेतलं की कोवळ्या तांबड्या पेशी अचानक वाढतात, थांबवलं की एकदम घटतात. स्वतःचं साठवलेलं रक्त परत चढवलं तरी मज्जा मंदावते आणि कोवळ्या पेशी कमी दिसतात. अशी चढउतार निसर्गतः होत नाही. सूक्ष्म मात्रा घेणारा यातूनही निसटू शकतो. पण पूर्वीची ती मोठी झेप आता घेता येत नाही. २०११ च्या व्हुएल्ताचा, म्हणजे स्पेनच्या मोठ्या शर्यतीचा, विजेता हुआन होसे कोबो याचं विजेतेपद पासपोर्टमुळेच २०१९ साली गेलं आणि ते दुसऱ्या आलेल्या ख्रिस फ्रूमला मिळालं.

तरी शंका संपत नाही, कारण वेग वाढलाच आहे. २०२४ च्या टूरमध्ये स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने प्लातो द बेय हा घाट पंतानीच्या १९९८ च्या वेळेपेक्षा तीन मिनिटांहून जास्त लवकर चढला. आमच्या ग्रुपवर त्या रात्री एकाने लिहिलं, "झालं, हाही गेला." मला हे पटत नाही. मधल्या २६ वर्षांत टायर बदलले, कपडे बदलले, सायकलवर बसायची पद्धत बदलली. पूर्वी तासाला साठ ग्रॅम साखर पचली तर खूप म्हणायचे, आता शंभरच्या वर पचवायला पोटाला शिकवतात. पायांचा जोर मोजणाऱ्या वॉटमीटरमुळे प्रत्येक मिनिटाचा जोर मोजून लावता येतो, आणि त्या दिवशी आधी दुसऱ्याने जोरात ओढलं की नाही, वारा कुठला, यानेही वेळ बदलतो. या सगळ्याची बेरीज तीन मिनिटं होते का, ते नुसत्या घड्याळावरून ठरत नाही. पण घड्याळ दाखवून कोणाला दोषी ठरवणं आणि पूर्वी बासोंला गप्प बसवणं या दोन्हींत पुराव्याचा रस्ता सोडलेला आहे. प्रश्न विचारायचे, आणि उत्तर देताना कोणी चिडतो का तेही बघायचं. संघ कार्बन मोनॉक्साइड वायू हुंगवून रक्त मोजतात, आणि तोच वारंवार हुंगला तर तांबड्या पेशी वाढू शकतात, असं कळल्यावर प्रश्न विचारले गेले, म्हणूनच यूसीआयने २०२५ मध्ये दवाखान्याबाहेर त्याचा वापर बंद केला.

आणि एक तांत्रिक गोष्ट, जी टीव्हीवर क्वचितच सांगतात. निवडक नमुने दहा वर्षांपर्यंत गोठवून ठेवता येतात आणि नवी चाचणी निघाली की पुन्हा उघडता येतात. कारवाईची मुदतही आता आठावरून दहा वर्षांवर गेली आहे. म्हणजे २०२४ चा जो निकाल आपण पावसात घरी बसून पाहिला, त्यावर नियमाप्रमाणे २०३४ पर्यंत फेरविचार होऊ शकतो.